छतावरच्या सौरऊर्जेसाठी अनुदान आणि कर्ज : कोल्हापुरातील माझा अनुभव

छतावर सौर पॅनेल बसवून देणारे बहुतेक विक्रेते बोलण्याची सुरुवात ७८,००० रुपयांच्या अनुदानापासून करतात. प्रत्यक्षात ती रक्कम सर्वांत शेवटी येते आणि त्याआधी संपूर्ण खर्चाची तजवीज आपल्यालाच करावी लागते. म्हणून पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेचा विचार करणाऱ्याने अनुदानाआधी कर्जाची आणि कर्जाच्याही आधी वीजबिलावरील नावाची चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आमचे घर शुक्रवार पेठेत आहे. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, तरी वीजजोडणी त्यांच्याच नावावर चालू होती. बिल वेळेवर भरले जात असल्याने त्याची कोणाला अडचण वाटली नव्हती. आमच्या पेठेत आजोबांच्या नावाची बिले येणारी घरेही कमी नाहीत. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी मात्र महावितरणच्या बारा अंकी ग्राहक क्रमांकावर होते. जोडणी ज्याच्या नावावर, अर्जदार तोच आणि बँक खातेही त्याचेच, हे जुळले नाही तर पुढे अनुदान अडकते. त्यामुळे आधी नावबदलाचा अर्ज केला. त्यासाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक आणि धाकटा भाऊ व इचलकरंजीला दिलेली बहीण या दोघांची लेखी संमती जोडली. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीने, “दादा, हे फक्त लाइटबिलापुरतंच ना?” असे हसत विचारून घेतले, आणि ते योग्यच होते. वडिलोपार्जित घरात असे कागद तोंडी समजुतीवर करू नयेत.

आमचा वापर महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास होता. एक किलोवॉट क्षमतेपासून आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणून तीन किलोवॉट पुरेसे ठरले. केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये आहे. त्यापुढे क्षमता वाढवली तरी अनुदान ७८,००० वरच थांबते. ते मिळण्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात. अशी पॅनेल महाग पडतात, त्यामुळे फार स्वस्त दरपत्रक आले की पॅनेल कोणते, हे लेखी विचारावे. मी तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके घेतली आणि त्यांतील एकाने हा प्रश्न ऐकल्यावर पुन्हा फोन केला नाही.

नावबदलात पावसाळा गेला, त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बिलाचा तीस टक्के भाग सेवा म्हणून धरला जातो आणि त्यावर १८ टक्के कायम राहतात, म्हणून एकूण बिलावरील करभार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. जुने दरपत्रक तसेच पुढे रेटले जात नाही ना, हे मी पाहिले; नव्या करासह प्रकल्पाची किंमत १,९०,००० रुपये ठरली.

कर्जाचा अनुभव मिश्र होता. पहिल्या बँकेच्या शाखेत माझ्याकडे घराचे गहाणखत आणि दोन जामीनदार मागण्यात आले. तीन किलोवॉटपर्यंतचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज या योजनेत विनातारण आहे, हे मी तेथे सांगितले, परंतु टेबलापलीकडचे उत्तर बदलले नाही. तेव्हा वाद न वाढवता जनसमर्थ या सरकारी कर्जयोजनांच्या पोर्टलवरून दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेकडे अर्ज केला. तेथे दहा टक्के स्वतःचे, म्हणजे १९,००० रुपये, आणि उरलेले १,७१,००० रुपये कर्ज असे ठरले. व्याज रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्या, अर्धा टक्का वर असते. त्या वेळी रेपो ५.५ टक्के असल्याने मला सहा टक्के लागले. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे १,९०० रुपये येतो. कर्जाची रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जाते, त्यामुळे त्याच्याशी केलेल्या करारात पाच वर्षांची देखभाल आणि कामाचे टप्पे स्पष्ट लिहिलेले असणे महत्त्वाचे आहे.

दहा किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, त्यामुळे मंजुरीचा टप्पा लवकर उरकला. जागेवरच्या कामात मात्र मी दोन गोष्टींवर अडून बसलो. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी आमच्या भागाने पाहिले आहे. म्हणून विक्रेत्याच्या सोयीप्रमाणे तळमजल्यावर मीटरजवळ इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारे यंत्र) न बसवता तो जिन्याच्या माथ्यावर घेतला. त्यासाठी वायर जास्त लागली आणि तिचे पैसे मी वेगळे दिले. दुसरी गोष्ट अर्थिंगची. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कोसळतात हे ठाऊक असूनही अनेक ठिकाणी एकाच खड्ड्यात सगळे उरकले जाते. पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारे साधन) यांचे अर्थिंग वेगवेगळे हवे, आणि ते मी समोर उभे राहून करून घेतले. पाण्याच्या टाकीची सावली पडू नये म्हणून पॅनेलची एक रांगही सरकवावी लागली.

नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसून महावितरणची चाचणी झाल्यावर पोर्टलवर कार्यान्वयनाचा, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्याचा, अहवाल दिसू लागला. त्यानंतर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी नोंदवायची असते आणि ती आपण स्वतःच करायची असते. शेजारचे पुष्कळ जण दोनच प्रश्न विचारतात. लाइट गेल्यावर हे चालते का? चालत नाही, तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धोका होऊ नये म्हणून पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर बंद होतो आणि बॅटरी हवी असेल तर तो वेगळा खर्च आहे. बिल शून्य येते का? तेही नाही, युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावा लागतो. जास्तीची युनिटे पुढील महिन्यांत वळती होतात, त्यामुळे उन्हाळ्यातील शिल्लक आणि आषाढ-श्रावणातील तूट यांचा हिशेब एका महिन्याच्या बिलावरून करू नये.

अनुदान माझ्या कर्जखात्यात जमा झाले. त्यानंतर हप्ता आपोआप कमी होत नाही. बँक हप्ता तोच ठेवून मुदत घटवते, आणि हप्ता कमी हवा असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा लागतो. उरलेल्या सुमारे ९२,००० रुपयांवर दहा वर्षांच्या हिशेबाने हप्ता हजाराच्या आसपास आला असता. वाचलेल्या वीजबिलातून जुना हप्ता निघत असल्याने मी तो कायम ठेवला असून, व्याजदर असाच राहिला तर कर्ज पाच वर्षांच्या आत फिटेल.