थकलेली बिलं घेऊन भोपाळला: पुढे जाणाऱ्यांसाठी

मध्य प्रदेश विधानसभेचं अधिवेशन सुरू असताना आमच्या संघटनेचे काही सभासद भोपाळला जाऊन आले. सगळे इंदूरच्या सांवेर रोड आणि पोलोग्राउंड या औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानदार, बहुतेकांचा माल पीथमपूरच्या मोठ्या कंपन्यांना जातो. मागणी एकच होती: थकलेल्या बिलांचा निकाल कायद्यातल्या मुदतीत लागावा. पुढच्या अधिवेशनाला जे जातील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आदल्या रात्रीच भोपाळ गाठा. इंदूरहून अंतर साधारण 190 किलोमीटर, देवास, आष्टा, सीहोर असा रस्ता. सभागृह अकराला प्रश्नोत्तरांनी सुरू होतं, आणि आमदार निवांत भेटतात ते त्याआधी, आमदार विश्रामगृहातल्या खोलीवर. पहाटे निघून वाटेत सोनकच्छला पोह्यांसाठी थांबलात, की ती वेळ गेलीच. अरेरा हिल्सवरच्या विधानभवनात जायचं असेल तर पासाचं आमदारांच्या सहायकाला आधीच सांगून ठेवा. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

खरी तयारी मात्र इंदुरातच करायची. कोणतं काम कोणाच्या हातात आहे, हे आधी नीट पाहा. वीजदर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवतो, तेव्हा हरकत आयोगाच्या जनसुनावणीत नोंदवायची. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. लघुउद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते, ती आयकर कायद्यातली तरतूद संसदेची. त्यासाठी खासदार गाठा. हे सगळं एकाच निवेदनात कोंबलंत तर आमदार "वर कळवतो" म्हणतील आणि कागद फाइलला लागेल.

आमची मागणी राज्याच्या हातातली होती. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. हे कौन्सिल राज्य सरकार नेमतं, आणि प्रकरण 90 दिवसांत निकाली काढावं असं कलम 18 सांगतं. म्हणून आम्ही आमदारांना भाषण करा म्हटलं नाही, तारांकित प्रश्न विचारा म्हटलं: 90 दिवस उलटून गेलेली प्रकरणं किती, आणि कौन्सिलच्या बैठका किती झाल्या? प्रश्नाचा मसुदा आम्ही हिंदीत टाइप करूनच नेला होता. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं, वर पुरवणी प्रश्नही विचारता येतात. सूचना बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे आमचा प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी आहे.

एका भेटीचं सांगतो. आमदार कागद चाळत होते, दारात मतदारसंघातली माणसं खोळंबली होती. आमच्यातल्या एक ताई मशीन शॉप चालवतात. त्यांनी एकच बिल टेबलावर ठेवलं, शेजारी माल मिळाल्याचा शिक्का असलेलं चलन आणि पुढच्या महिन्याच्या 20 तारखेच्या आत भरलेल्या जीएसटीची पावती. बिलाचे पैसे अजून आलेलेच नव्हते. "मतलब पैसा आया नहीं और टैक्स भर दिया?" आमदारांनी विचारलं आणि चलनावरची तारीख पुन्हा पाहिली. ताई म्हणाल्या, "हर महीने भरते हैं, साहब. पगार भी." त्यानंतर आमदारांनी सहायकाला आत बोलावलं आणि मसुदा त्याच्या हातात दिला.

या कामात इतकं स्वच्छ बोलणं मी क्वचित ऐकलंय. म्हणून आग्रहाने सांगतो, आकडेवारीच्या जाड फाइलीपेक्षा एका खऱ्या बिलाचे कागद न्या, तारखा ठळक करून. उद्यम प्रमाणपत्राची, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी झाल्याच्या दाखल्याची, प्रत जोडा. इंदूर जिल्ह्यात नऊ मतदारसंघ आहेत. सांवेरच्या आमदाराकडे जाताना ज्याच्या शॉपमध्ये सांवेरची पोरं कामाला आहेत त्याला पुढे बसवा, देपालपूरला देपालपूरच्याला. परतल्यावर आठवडाभरात सहायकाला फोन करा आणि प्रश्नाची सूचना सचिवालयात दिली का, एवढंच विचारा. दिली नसेल तर मसुदा पुन्हा पाठवा.