सोफे, कॅमेरे आणि बनाने

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे तिसरीत येईपर्यंत मुलांच्या कानांवरून इंग्रजी शब्द पुष्कळ गेलेले असतात. सलग वाक्ये मात्र क्वचितच. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी अनेकवचनाचा पाठ घेतला, ‘शेवटी एस लावा’ असे फळ्यावर ठळक लिहिले, चार उदाहरणे सोडवून घेतली आणि दोन दिवसांनी दहा शब्दांची चाचणी ठेवली.

मधल्या सुट्टीत पेपर तपासताना एका मुलीचा कागद हाती आला. वर्गात फारसे न बोलणारी ही मुलगी. तिने ‘डॉग’, ‘कॅट’, ‘बुक’ हे शब्द जसेच्या तसे ठेवले होते, ‘पेन्सिल’ला शेवटी आय जोडला होता, आणि ‘सोफा’, ‘कॅमेरा’, ‘बनाना’ या तिन्ही शब्दांतले शेवटचे ए हे अक्षर खोडून तेथे ई लिहिले होते. फक्त ‘बस’चे ‘बसेस’ बरोबर होते. मी नऊ फुल्या मारल्या, दहापैकी एक गुण दिला आणि पुढचा कागद घेतला.

सुट्टी संपल्यावर कागद वाटले, तेव्हा ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. “बाई, कॅमेरे चूक कसं? काल तुम्हीच म्हणालात ना, शाळेत कॅमेरे बसणार आहेत.”

मी तसे म्हटले होते हे खरेच. आदल्याच दिवशी परिपाठानंतर मी ते सगळ्या मुलांना सांगितले होते. मी तिचा कागद पुन्हा हातात घेतला आणि या वेळी तो इंग्रजीच्या नव्हे, तर मराठीच्या नजरेने वाचला. आंबा-आंबे, दाणा-दाणे, तसे सोफा-सोफे. भिंत-भिंती, तशा पेन्सिल-पेन्सिली. उंदीर एक असो वा दहा, उंदीरच राहतो, म्हणून ‘डॉग’ही बदलला नाही. (‘बुक’ला मात्र तिने पुस्तकाप्रमाणे नपुंसकलिंगी का मानले नाही, हे मला आजतागायत उमगलेले नाही.) सोफे आणि कॅमेरे तिने ऐकलेले असणार, पण आमच्या गावात ‘बनाने’ असे कोणीही म्हणत नाही, आम्ही केळी खातो. म्हणजे तो शब्द तिने पाठ केलेला नव्हता, तर नियमाने घडवलेला होता.

डी.एड.ला असताना वाचलेला एक प्रयोग तेव्हा आठवला. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले होते. मग दोन प्राणी दाखवून वाक्य पूर्ण करायला लावले होते. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे ‘वग्ज’ असे अनेकवचन बहुतेक मुलांनी विनासायास केले. त्याच मुलांना ‘टास’ या बनावट शब्दाचे ‘टासेस’ करणे मात्र अवघड गेले. माझ्या विद्यार्थिनीने ‘वग’चेच काम केले होते, फक्त नियम तिच्या आईच्या भाषेचा होता; आणि मी तिला डोळ्यांनी पाहायचे अक्षर शिकवत होते, तर ती कानाने चालली होती.

त्या दुपारी गणिताचा तास बाजूला ठेवून मी फळा पुसला आणि सर्वांना गळ्यावर दोन बोटे ठेवायला सांगितली. आपल्या व्याकरणातला कठोर-मृदू वर्णांचा भेद येथे फार उपयोगी पडतो. क, ट, प म्हणताना गळा गप्प असतो, ग, ड, ब म्हणताना तो थरथरतो. म्हणून ‘कॅट’पुढे स्वच्छ स ऐकू येतो, तर ‘डॉग’पुढे ‘झाड’मधल्या झकडे झुकणारा आवाज येतो, आणि लिहिताना दोन्हीकडे एसच असतो. स्वर म्हणतानाही गळा थरथरतो, तेव्हा ‘सोफा’ डॉगच्या रांगेत गेला. मग मी ‘बस’पुढे नुसता स लावून म्हणायला सांगितले. पस्तीस मुलांच्या वर्गात सापासारखे फूत्कार सुरू झाले, शेजारच्या वर्गातील गुरुजी दारात डोकावून गेले, आणि त्या गोंधळात तीच मुलगी म्हणाली, “मधे काहीतरी घालायला पाहिजे, नाहीतर एक का दोन ते कळतच नाही. म्हणून एसटीवाले बसेस म्हणतात!”

‘बॉक्स’, ‘वॉच’, ‘डिश’ ही सगळी मंडळी मग मुलांनीच ‘बस’च्या रांगेत आणून उभी केली. जे मी पुढच्या आठवड्यात स्वतंत्र नियम म्हणून पाठ करून घेणार होते, ते त्यांच्या जिभेने आधीच ओळखले होते.

शाळा सुटताना मी तिचा कागद परत मागून घेतला आणि ‘सोफे’, ‘कॅमेरे’, ‘पेन्सिली’ यांच्यापुढे ‘मराठीत बरोबर’ असे लिहिले. तिने ते वाचले, ‘बनाने’वर स्वतःच रेघ मारली आणि विचारले, “मग बाई, शाळेत बसणार ते कॅमेरे की कॅमेराज?”

“आपण मराठीत बोलतोय ना? मग कॅमेरे.”

ते अजून बसलेले नाहीत.