टॉप बॉक्सवरचा जादा ब्रेक लाइट: काम कुठवर आलंय

मोटरसायकलच्या टॉप बॉक्सवर (सीटमागच्या सामानाच्या पेटीवर) एलईडीचा जादा ब्रेक लाइट बसवण्याचं काम चाचणीपर्यंत आलंय. सगळे निर्णय एकाच कसोटीवर घेतले: मूळ दिवा जे सांगतो तेच जादा दिव्यानं पुन्हा सांगायचं, नवीन काही सांगायचं नाही. मागच्या चालकाला अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

रंग आणि लुकलुक

मागच्या बाजूला लाल. पांढरा फक्त नंबर प्लेटला आणि रिव्हर्सला, अंबर इंडिकेटरला (काही देशांत लाल इंडिकेटरही चालतो). निळ्या, हिरव्या आणि रंग बदलणाऱ्या पट्ट्या तिथेच बाद. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावू नका. त्याच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, त्यामुळे काच फिकट गुलाबी आणि मंद दिसते.

ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारं मॉड्यूलही वगळलं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या वाहन दिव्यांच्या नियमामध्ये ब्रेक लाइट स्थिर जळणारा हवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली ४८ मध्ये मोटारींना लुकलुकणारा आपत्कालीन इशारा चालतो, पण तो ५० किमी/तासांहून जास्त वेगात जोराचा ब्रेक लागल्यावरच. सिग्नलपाशी हळूच ब्रेक लावतानाही तोच इशारा दिसत राहिला तर खऱ्या आणीबाणीला वेगळं काही उरत नाही.

मान्यताचिन्ह नसलेला जादा दिवा जिथे चालत नाही, तिथे तयार, मान्यताप्राप्त दिवा घ्या. खालचा रोधकांचा (रेझिस्टरचा) भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

पेटी मूळ दिवा झाकते का?

हे आधी मोजा, कारण इथे चुकलं तर जादा दिव्यानं ते भरून निघत नाही. पेटी काढता येते, म्हणून मूळ दिवा एकटाच पुरेसा दिसला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्याच मोटरसायकलींसाठीच्या नियमावली ५३ नुसार ब्रेक लाइट आडव्या रेषेच्या वर आणि खाली १५ अंशांपर्यंत दिसायला हवा. पेटी मूळ काचेच्या जितकी मागे येते, त्याच्या दर १० सेंमीला काचेची वरची कड आणि पेटीचा तळ यांत किमान २.७ सेंमी अंतर लागतं. पेटी ३० सेंमी मागे येत असेल तर साधारण ८ सेंमी. मोजमाप पेटी आणि सीट दोन्ही भरलेली असताना नव्हे, गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करून घ्या. अंतर कमी पडलं तर पेटी पुढे सरकवा. रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही त्याच वेळी पाहा.

फक्त ब्रेकला

पेटीवरचा दिवा टेल लाइट म्हणून मंद पेटत नाही, ब्रेक दाबल्यावरच पेटतो. मोटारींचा उंचावरचा तिसरा ब्रेक लाइटही असाच वागतो. अंधारातून थेट लाल, यापेक्षा स्पष्ट फरक मिळत नाही. एकाच दिव्यात दोन्ही कामं हवीच असतील, तर ब्रेकची तीव्रता टेलच्या किमान पाचपट ठेवा. बाजारातल्या अनेक पट्ट्या इथेच नापास होतात: टेलच इतका प्रखर असतो की ब्रेक लागल्याचं कळतच नाही.

रोधक आणि वायरिंग

२४ लाल एलईडी, तीन-तीनच्या ८ साखळ्या. १२ व्होल्टच्या सामान्य पट्टीत तीन एलईडींना सुमारे ६ व्होल्ट आणि ३०० ओहमचा रोधक असेल, तर साखळीतून २० मिलिअँपिअर जातात. पण इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टही असतात. मग तेच २८ होतात, पट्टी तापते आणि एकेक साखळी मरते. म्हणून ३९० ओहम, अर्धा वॉटचे रोधक घेतले आणि आधी १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावला. डायोडचे ०.८ व्होल्ट वजा जाता साखळीला १९.५ मिलिअँपिअर, एकूण सुमारे १५६. उलटी जोडणी झाली तरी पट्टी वाचते.

एवढ्या प्रवाहाला रिले (विजेवर चालणारा स्विच) नको. रिले म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. ब्रेकच्या वायरवरून ०.५ चौरस मिमीची फांदी काढली आणि जोडाजवळच १ अँपिअरचा फ्यूज बसवला. इन्सुलेशन टोचून बसणारे झटपट जोड वापरले नाहीत, ते तारेचे धागे कापतात आणि पाणी आत घेतात. क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लावली. अर्थची (ऋण टोकाकडे परतणारी) वायर वेगळी काढून फ्रेमवर, रंग खरवडून जोडली.

पेटी काढल्यावर गाडीकडचा कनेक्टर उघडा राहतो, म्हणून प्रवाह असलेल्या त्या बाजूला पिना आत दडलेला भाग. काच चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं आणि डाग (सोल्डर) खातं. तळाला ३ मिमीचं भोक ठेवलंय, साठलेला ओलावा बाहेर पडायला.

चाचणी

पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळे दाबून पाहिले, दोन्हींवर दिवा पेटतो. दिवा जळत असताना अर्थची वायर आणि बॅटरीचं ऋण टोक यांत ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवेत. जास्त आले तर अर्थचा जोड पुन्हा करा. ब्रेक दाबल्यावर टेल मंदावला किंवा इंडिकेटर धुगधुगला, तर मूळ दिव्याची अर्थ खराब आहे. प्रवाह परतीची वाट दुसऱ्या बल्बमधून शोधतोय. नवा दिवा जोडण्याआधी ते दुरुस्त करा.

मूळ बल्ब तारेचा असेल तर एलईडी त्याच्या सुमारे ०.२ सेकंद आधी उजळतो. ८० किमी/तासाला मागच्या गाडीला तेवढ्यानं साडेचार मीटर जास्त मिळतात.

बाकी

भर दुपारी ३० मीटरवरून आणि दोन्ही बाजूंना ४५ अंशांतून दिवा दिसतो का, हे पाहायचंय. रात्री इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबायचा आणि लाल प्रकाशात अंबर बुडतो का ते तपासायचं. बुडत असेल तर दोन्ही टोकांची एकेक साखळी काढून पट्टी आखूड करू.