पवनचक्क्यांमुळं पाऊस पळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही पहिले नाही, हा प्रश्न मला लग्नात, मयतीला, एसटीत कुठंही कुणीतरी विचारतंच. मी पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे, गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं, त्यामुळं ओळख झाली की पुढचं वाक्य ठरलेलं, "काय हो, त्या पंख्यांमुळं आमचा पाऊस पळाला म्हणतात, खरं का?" आमचे मामा तर विचारत पण नाहीत, सरळ सांगतात, "ढग येत्यात अन् ती पाती त्यांना ढकलून देत्यात, मी डोळ्यानं बघितलंय."

मामा खोटं बोलत नाहीत. आषाढात ढालगावच्या माळावर उभं राहा, अगदी तसंच दिसतं. पश्चिमेकडनं पांढुरके ढग पळत येतात, डोक्यावरनं जतकडं निघून जातात, थेंब पडत नाही आणि खाली सगळी पाती गरागरा फिरत असतात. मग सप्टेंबर संपत आला की वारं पडतं, मशीन थांबायला लागतात आणि नेमका तेव्हाच विजा कडाडून परतीचा पाऊस येतो. म्हणजे पंखे चालू तेव्हा पाऊस नाही, पंखे बंद की पाऊस! वर्षानुवर्षं हे बघणाऱ्या माणसाला अडाणी म्हणून गप्प करणं मला पटत नाही, त्याचं बघणं बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं आहे.

समुद्राकडनं आलेली वाफ सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिथंच कोसळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जतला पाचशेच्या आसपास, मधे अंतर ते किती. डोंगर ओलांडून हवा खाली उतरली की तापते, कोरडी होते, वारं मात्र तसंच जोरात राहतं. म्हणून जून ते ऑगस्ट आमच्याकडं वारं भरपूर आणि पाऊस नावाला. कंपन्यांनी हे वारं मोजलं आणि म्हणून इथं मशीन लावल्या. पाऊस आधीपासनंच कमी होता, १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले तेव्हा इथं एक पवनचक्की नव्हती, दुर्गादेवीचा दुष्काळ तर चौदाव्या शतकातला. पंखे उभे राहत होते आणि त्याच सुमारास २००२ पासनं लागोपाठ दुष्काळ पडला, तिथनं ही गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

आणि साताऱ्याकडं बघा की. चाळकेवाडी, वनकुसवडे, सगळं पठार पवनचक्क्यांनी भरलंय आणि तिथं पावसाळ्यात छत्री उघडायची सोय नाही. चाळकेवाडीच्या पंख्यांपासनं ठोसेघरचा धबधबा किती लांब आहे? तो कोसळतोयच. पंखे ढग पळवत असते तर आधी ठोसेघर आटलं असतं.

मी टॉवरच्या आतल्या शिडीनं बेल्ट लावून वर जातो, वरच्या खोलीत, म्हणजे नॅसेलमध्ये, गिअरबॉक्सच्या गरम तेलाचा वास असतो आणि वारं असलं की अख्खी खोली पायाखाली हलते. झाकण उघडून डोकं बाहेर काढलं की पाठीमागं वारं मोजायचं छोटं यंत्र फिरत असतं, त्याच्यावर सगळा कारभार. सेकंदाला तीन-चार मीटर वारं आलं की मशीन चालू होते, पंचवीसच्या पुढं गेलं की स्वतःच पाती वळवून थांबते. पात्यात सापडलेल्या वाऱ्यातली फार तर ५९ टक्के ऊर्जा काढता येते, त्याच्या पुढं निसर्गच जाऊ देत नाही, आणि मागं मंदावलेलं वारं काही किलोमीटरात परत जोर धरतं. आमच्या पात्याचं टोक जमिनीपासनं शे-दीडशे मीटरवर, आणि पाऊस पाडणारा ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो.

पाऊस खरंच बिघडतोय हे मात्र मीही मानतो. हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते, मग महिनाभर कोरडं आणि नंतर एकदम ढगफुटीसारखं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरात पाणी शिरलं ते आपण विसरलेलो नाही. एका वर्षाच्या पुराचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, पण हवा तापतेय ती मुख्यतः कोळसा, डिझेल, गॅस जाळून. कोळशाची वीज एका युनिटमागं जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. दोन मेगावॅटची एक मशीन चांगल्या जागी वर्षाला पस्तीस-चाळीस लाख युनिट देते, म्हणजे तेवढा साडेतीन हजार टनांच्या आसपास धूर कमी. सोलर ढगाळ दिवसात मंद पडतं तेव्हा इथलं वारं भरात असतं, दोन्ही एकमेकांना धरून चालतात. मामांना मी हेच सांगतो की पाऊस बिघडवणारं धुराडं दुसरीकडं आहे आणि ज्या पंख्यावर तुमचा राग आहे तो ते धुराडं थोडं तरी विझवतोय.

शिवाय आमच्या भागात पाणी येतं ते विजेवरच! म्हैसाळ, टेंभू, ताकारी, या सगळ्या योजना कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, बिल थकलं की पंप बंद आणि द्राक्षबाग वाळायला लागते. त्यामुळं वीज कुठनं येते आणि केवढ्याला पडते हा प्रश्न आमच्या दारातला आहे.

राग धरायचाच असेल तर दुसऱ्या गोष्टीचा धरा, आणि मी स्वतः त्यात काम करतो तरी सांगतो. एजंट लोकांनी कवडीमोल भावानं माळरानं घेतली, क्रेनच्या जड गाड्यांनी रस्ते उखडले, आणि ज्या गावाच्या डोक्यावर पंखा फिरतो त्याच गावाची मोटार रात्री दोन वाजता सुरू करायला शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात जातो, साप-विंचवातनं. हे चुकीचंच आहे.

आता जुन्या दोनशे-साडेतीनशे किलोवॅटच्या मशीन म्हाताऱ्या झाल्यात, त्या काढून त्याच जागी मोठ्या लावायचं सरकारचं धोरण आलंय. म्हणजे परत कागद होणार, परत कुणीतरी गाडी घेऊन बांधावर येणार. तेव्हा जमीन विकायची का भाड्यानं द्यायची, भाडं दर किती वर्षांनी वाढणार, रस्ता कोण दुरुस्त करणार, मशीन संपल्यावर खालचं काँक्रीट कोण उचलणार आणि ग्रामपंचायतीला कर किती, एवढं सगळं लिहून घ्या, सही त्याच्यानंतर. कागद समजत नसला तर मला फोन करा, मी रविवारी गावातच असतो.