आमची वाटचाल : बुज मोडायची नाही, ओळख करून द्यायची

वरातीची घोडी असो की रपेट शिकवण्याचा घोडा, मुंबईत मालकाची पहिली मागणी ठरलेली असते: ‘याची बुज मोडून द्या.’ बुज म्हणजे दचकून बिथरण्याची खोड. आम्ही घोडे तयार करतो; सुरुवातीच्या काळात आम्हीही सर्रास चालणारी रीतच वापरायचो. घोडा खांबाला आखूड बांधायचा आणि तो उभा राहीपर्यंत भोवती ताडपत्री फडकवायची. तो उभा राहायचा, पण तोंड आवळलेलं, मान ताठ, श्वास अडकलेला. तो शांत झालेला नसतो, गोठलेला असतो. असा घोडा मोकळ्या रस्त्यावर पहिल्या संधीला उधळतो. ती रीत आम्ही सोडली आणि आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

आता सगळा भर अंतरावर. म्होरकीला, म्हणजे तोंडाला बांधलेल्या पट्ट्याला, बारा फुटांचा दोर, तो सैल धरलेला, कुठेही बांधलेला नाही. ताडपत्री आधी घडी करून लांब ठेवायची. घोडा कान टवकारेल, पण पाय हलवणार नाही, ते त्या दिवसाचं अंतर. तिथेच थांबायचं. मान खाली आली, त्याने ओठ चाटले, नाकातून लांब फुरफुर केली, की लगेच ताडपत्री दूर न्यायची. चूक होते ती इथेच. घोडा दचकला की माणूस घाबरून वस्तू मागे घेतो, आणि दचकलं की भीती पळते हे घोडा पक्कं शिकतो. दचकला तर वस्तू आहे तिथेच, हलवायची नाही. तो स्थिरावला की मगच काढायची. शाबासकी म्हणून आयाळ संपते तिथे खाजवावं, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. पाठ थोपटण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

डाव्या बाजूने शिकवलेलं उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा अगदी थोडा भाग तेवढा सुटतो. म्हणून मागून छत्री उघडायची वेळ शेवटी. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, पण उजेड-काळोखातला फरक त्याला फार जाणवतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराचं झाकण, डबक्यातली चकाकी इथे तो अडतो. उड्डाणपुलाखालच्या सावलीत त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीच्या कडेला त्याला थोडा वेळ द्यावा, चाबूक नको.

ढोल-ताशाचा आवाज आम्ही आधी चंदीच्या, म्हणजे दाणा देण्याच्या, वेळी स्पीकरवर अगदी हळू लावतो. ताशा त्याने सवयीचा होतो. ढोल होत नाही, कारण त्याचा घुमारा छातीला आणि जमिनीतून जाणवतो, तो स्पीकरमधून येत नाही. म्हणून पुढे खराच ढोल आणतो: एकच, शंभर पावलांवर, पाच मिनिटं. दुसरा ढोल आणला की अंतर पुन्हा वाढवतो. बसच्या ब्रेकची फुस्स, रिक्षाचा भोंगा, पावसाळ्यातली फडफडणारी निळी ताडपत्री यांचंही तसंच, पण एका दिवशी एकच नवी गोष्ट.

गणपतीच्या तोंडावर ‘आठ दिवसांत तयार करा’ असं काम आम्ही घेत नाही. ढोलासाठी आम्ही दोन महिने मागतो, आणि मिरवणुकीत ज्याच्या हाती लगाम असणार तो मोतद्दार शेवटचे पंधरा दिवस रोज सोबत हवा.