पिशवीचा दुसरा बंद

पोरांना बाजाराला न्यावं की घरी ठेवावं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवऱ्याचं म्हणणं, न्यायचंच नाही. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागतात आणि वर चिप्सचा खर्च. सासूबाई म्हणतात, "घरी ठेवून काय करणार आहेत? टीव्हीच बघणार की." मी सासूबाईंच्या पक्षात. असं एरवी फारसं घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते.

न्यायचं तर त्यांना काम द्यावं लागतं, हे सगळेच सांगतात. पण ते काम खरं असावं लागतं, हे कुणी सांगत नाही. "हे जरा धर", "इथंच उभा राहा", "किती दुकानं दिसतात मोज बरं" ही कामं नव्हेत. आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय, हे पोराला लगेच कळतं आणि मग ते जे काही करतं, ते अख्ख्या मंडईला कळतं. खरं काम म्हणजे ज्यात चूक झाली तर ती घरी ताटात दिसते.

सोलापुरात अशा कामांना तोटा नाही. ज्वारीचंच घ्या. फेब्रुवारी-मार्चात सुगी उरकली की नवी ज्वारी बाजारात येते आणि घरोघरी वर्षाचं धान्य भरायचे बेत सुरू होतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून दुकानात उघडं दिसणारं प्रत्येक पोतं मंगळवेढ्याचंच असतं. निदान दुकानदार तरी तसं सांगतात. आता हे ओळखायचं कसं? आमचा थोरला, वय वर्षं दहा, पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरतो. टपोरे आहेत का, फुटके किती, काळे ठिपके आहेत का, मध्येच खडा किंवा बारीक भोक पडलेला दाणा दिसतो का, हे तो वाकून बघतो. मग एक दाणा दाढेखाली. कट् असा आवाज आला तर ज्वारी वाळलेली. दाणा मऊ लागला, नुसता चेपला गेला, तर आत ओल आहे. अशी ज्वारी कोठीत भरली की पावसाळ्यात किडे झालेच. धाकटीलाही हे करायचं असतं. पण सध्या तिचे पुढचे दात पडलेत आणि दाढेचं तंत्र तिला जमत नाही. ती नुसता वास घेते आणि "चांगलाय" म्हणते. आजवर तिने एकाही पोत्याला नापास केलेलं नाही.

शेंगदाण्यांचं खातं मात्र दोघांचं. शेंगाचटणीशिवाय आमचं पान हलत नाही, आणि दाण्यात चार जरी खवट निघाले तरी सगळी चटणी वाया. मोठ्यांच्या जिभा चहा-तंबाखूने मुरलेल्या. खवटपणा पोरांना आधी कळतो, असं माझं मत आहे. दुकानदार चवीला चार दाणे हातावर ठेवतो. थोरला ते संपवून, "अजून नीट कळलं नाही" म्हणून पुन्हा हात पुढे करतो. तिसऱ्यांदा हात आला की दुकानदारच म्हणतो, "आता घ्या की बे, दुकान संपवतोस का?"

मंडईत वेगळी तऱ्हा. लक्ष्मी मंडईत जा नाहीतर बाळीवेशीकडे कस्तुरबा मंडईत, गर्दीत पोर सुटायची भीती असतेच. त्याला आमच्याकडे एकच उपाय : पिशवीचा एक बंद माझ्याकडे, दुसरा धाकटीकडे. हात धर म्हटलं की तिला ती शिक्षा वाटते आणि ती हिसडा मारते. पिशवीचा बंद धरला की ती ओझं उचलणारी कर्ती बाई होते. ओझं सगळं माझ्याच बाजूला असतं, ती गोष्ट वेगळी.

भोगीच्या आदल्या दिवशीची मंडई तर बघण्यासारखी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, गावात पाहुणे, आणि प्रत्येकीला त्याच पाच-सात भाज्या हव्यात : वांगी, गाजर, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, ओल्या शेंगा, बोरं. त्या दिवशी मी यादी काढत नाही. यादी दोघांच्या तोंडात असते. काय आलं आणि काय राहिलं, याचा हिशेब त्यांच्याकडे. मावशीच्या टोपलीपुढे उकिडवी बसून धाकटी पावट्याच्या शेंगा दाबून बघते, दाणा भरलाय की नुसतीच साल आहे. या कामाला तिच्याइतकी बारीक बोटं घरात दुसऱ्या कुणाची नाहीत. त्या मावशी कन्नड बोलणाऱ्या, अक्कलकोटकडच्या. लिंबं मोजताना त्या तिला बरोबर मोजायला लावतात, "ओंदू, येरडू, मूरू..." पाचपर्यंत ती धडाधड जाते, पुढे मराठीत सहा-सात म्हणते, आणि दहाला दोघी हसतात. पाचच्या पुढची एवढी उजळणी होईपर्यंत मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. खोळंबू द्यावीत. मावशींना घाई नसते, मग आपणच का करावी?

थोरल्याकडे काटा. आता बहुतेक ठिकाणी बॅटरीवरचे काटे आले. भाजी टाकायच्या आधी काट्यावर शून्य आहे का, हे बघायचं आणि मगच "टाका" म्हणायचं, हे त्याचं काम. दशांश अपूर्णांक शाळेत शिकवायच्या आधीच ०.२५० म्हणजे पाव किलो, हे त्याला पक्कं कळलं होतं. तराजू अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांची तो वजनं उलटी करून बघतो. षटकोनी लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं भरून त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का मारलेला असतो. हे त्याला एका म्हाताऱ्या भाजीवाल्यानेच दाखवलं. बहुतेक भाजीवाले यावर हसतात. एखादा चिडतो. चिडला की आम्ही पुढच्या टोपलीकडे जातो.

मॉलची गोष्ट जरा अवघड. तिथे बोलायला माणूसच नसतो. ट्रॉलीत बसवलेलं पोर फक्त हात लांब करतं, आणि गोळ्या-चॉकलेटं बिलाच्या रांगेजवळ बरोबर त्याच्याच नजरेच्या उंचीला मांडलेली असतात. हे कुणी उगाच केलेलं नाही. काही जण अशा वेळी मोबाईल हातात देतात. गप्प बसवायला तो रामबाण आहे, कबूल. पण मग ते पोर बाजारात नसतंच, त्याला घरी ठेवलं काय आणि आणलं काय. "शहाण्यासारखा वाग, चॉकलेट देईन" हेही मला पटत नाही. बाजार म्हणजे सोसायची गोष्ट आणि चॉकलेट ही त्याची मजुरी, असं उगाच डोक्यात बसतं.

म्हणून मॉलमध्ये थोरला छापील अक्षरं वाचतो. निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, हिरवा ठिपका. आता पाकिटावर ग्रॅममागे किती पैसे पडतात, तेही छापतात. मोठं पाकीट दर वेळी स्वस्तच पडतं असं नाही, हा शोध त्याने तुरडाळीच्या फळीपुढे उभं राहून लावला आणि मोठ्याने जाहीर केला. शेजारच्या बाईंनी आपल्या ट्रॉलीतलं मोठं पाकीट परत ठेवलं.

सांभाळायच्या गोष्टी दोनच. उपाशी पोर बाजाराला नेऊ नये. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी तर मुळीच नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना मोठ्या माणसांचंच डोकं ठिकाणावर नसतं. सकाळी नवाच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर जावं.

परतताना पिशवी भरायचं काम त्यांचंच : बटाटे-कांदे तळाला, त्यावर वांगी, टोमॅटो वर, कोथिंबिरीची पेंडी बाहेर डोकावणारी. कोथिंबीर कुणी धरायची यावरून रिक्षात भांडण होतं. रिक्षावाले ते मनापासून ऐकतात आणि निकालही देतात.

नवऱ्याचा पक्ष अजून हललेला नाही. सासूबाईंच्या पक्षात मात्र हल्ली थोडी फूट दिसते. परवा त्यांनी ओळखीच्या दुकानातून स्वतः पसंत करून ज्वारी आणवली. थोरल्याने पोत्याचं तोंड सोडलं, दाणा दाढेखाली धरला आणि म्हणाला, "आजी, ओली आहे."

"ओली आहे म्हणे! चाळीस वर्षं ज्वारी निवडतेय मी."

"मग तूच चावून बघ की."

सासूबाईंनी कवळी लावलेली नव्हती.