पादुआ ते बोलोन्या, रक्ताच्या मागावर

इटलीतल्या पादुआला बहुतेक लोक जोत्तो या जुन्या चित्रकाराची चित्रं बघायला जातात, मी मात्र आधी युनिव्हर्सिटीची जुनी इमारत, पलाझ्झो बो, गाठली, कारण तिथलं शवविच्छेदनाचं लाकडी थिएटर कित्येक वर्षं डोक्यात होतं. १५९० च्या दशकातलं, एकावर एक सहा लंबवर्तुळाकार गॅलऱ्या, आणि आता आत जायचं ते खालून, म्हणजे जिथे प्रेत ठेवायचे तिथून मान वर करून बघायचं. अंगावर काटा आला खरंच.

इथे फाब्रिशियस शरीररचनाशास्त्र शिकवायचा. शिरांमधल्या झडपांवर त्याने १६०३ मध्ये पुस्तक छापलं, पण त्याला वाटलं त्या रक्ताचा नुसता वेग आवरतात. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे, १६०२ ला इथूनच डॉक्टर झालेला, त्याने ओळखलं की त्या रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. बाहेरच्या चौकात बसून मी हात खाली सोडला, फुगलेली शीर मनगटाजवळ एका बोटाने दाबली आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारलं. शीर सपाट झाली ती तशीच राहिली, वरून रक्त परत उतरलंच नाही, दाबलेलं बोट उचललं तशी खालून झर्रकन भरली! हे प्रत्येकाने एकदा करून बघावंच.

रक्त शरीरात गोल फिरतं हे सांगणारं हार्वेचं पुस्तक १६२८ चं. पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही, त्या दोघांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात बोलोन्याच्या माल्पिगीला मायक्रोस्कोपखाली दिसल्या, म्हणून ट्रेनने बोलोन्या. तिथलं शवविच्छेदनाचं थिएटर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं, नंतर परत उभारलं, माल्पिगीचा पुतळा आहे तिथे.

मला सगळ्यात भारी वाटतात त्या याच केशवाहिन्या. लाल पेशी जेमतेम मावेल एवढी रुंदी, भिंत एका पेशीच्या जाडीची, आणि रक्त इथे अगदी संथ होतं म्हणून देवाणघेवाणीला वेळ मिळतो. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, धमनीच्या टोकाला साधारण ३५ मिमी पारा, शिरेच्या टोकाला १५, आणि रक्तातली प्रथिनं साधारण २५ च्या जोराने ते आत धरून ठेवतात, हे स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलं. शिरेच्या टोकाला बहुतेक पाणी परत आत येतं असं आम्ही शिकलो, आता मात्र बऱ्याच अवयवांत ते मुख्यतः लसिकावाहिन्यांतून (ऊतींतलं जास्तीचं पाणी गोळा करणाऱ्या नळ्यांतून) रक्तात परततं असं मानतात.

दिवसभर म्युझियममध्ये उभं राहून माझ्या घोट्यांवर मोज्याचे खोल वळ उठले होते. नुसतं उभं राहिलं की पावलाच्या शिरांत दाब ९० मिमी पाऱ्याच्या आसपास जातो, पाणी बाहेर झिरपत राहून पाय सुजतात, चालायला लागलं की पोटऱ्या शिरा पिळतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत आणि दाब उतरतो. मग काय, संध्याकाळी बोलोन्यातल्या सान लुका चर्चच्या टेकडीवर जाणारा तो ६६६ कमानींचा रस्ता धरला आणि वरपर्यंत चालत गेले.